जाताना जरा भेटून जावा

कोल्हापूर,
रविवार, दुपार

प्रिय शैला,
सप्रेम नमस्कार.

तुझे तीन फोन मी उचलले नाहीत आणि दिवाळीत पाठवलेल्या पाकिटाची पोचही दिली नाही, याबद्दल आधी क्षमा मागते. मी रागावले नव्हते. फोन वाजला की पलीकडे कोण आहे हे दिसत असूनही ती व्यक्ती काय बोलणार हे ठाऊक नसल्यामुळे माझा हात पुढे होत नाही, हे अकरावीपासून मी तुला निरनिराळ्या शब्दांत सांगत आले आहे. आता त्याला एक नाव मिळाले आहे आणि ते तुला कागदावरच कळवायचे होते. घरी सर्व ठीक. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत, माझी ॲसिडिटीही.

पत्रास कारण गेल्या बुधवारचे. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मी भट्टीवरून आलेला नमुना घासत होते. माझे काम तुला पूर्वी लिहिले आहेच. वितळलेले लोखंड पळीभर घेऊन तांब्याच्या साच्यात ओततात, त्याची रुपयापेक्षा थोडी मोठी चकती निघते, ती विझवून माझ्याकडे येते, मी तिची एक बाजू पट्ट्यावर सपाट घासते आणि स्पेक्ट्रोमीटरवर ठेवून ठिणगी पाडते. थोड्याच वेळात पडद्यावर कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस असे आकडे येतात आणि खाली भट्टी त्या आकड्यांसाठी थांबलेली असते. चकती नीट घासली नसेल तर तीन ठिणग्यांचे तीन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत; जुळले तर त्यांच्यात दुसरा अर्थ दडलेला नसतो. कार्बन ३.४ म्हणजे ३.४. चौदा वर्षे मी या कामावर टिकले ती त्यामुळेच. तर त्या वेळी साहेब दारात आले, “मॅडम, जाताना जरा भेटून जावा,” म्हणाले आणि निघून गेले.

या वाक्यात भिण्यासारखे काही नाही, हे मला समजते. साहेब सज्जन आहेत आणि कोल्हापुरात माणसे असेच बोलतात, हेही समजते. तरीही पाच वाजून चाळीस मिनिटांपर्यंत, म्हणजे साडेसात तास, मी त्या ‘जरा’चा अर्थ लावत होते. डायरीच्या मागच्या पानावर अकरा कारणे लिहिली. मंगळवारी जेवताना मी हिशेबनिसांच्या भाजीला खारट म्हटले होते. ऑडिटला आलेल्या पाहुण्यांना उत्तरे देताना मी त्यांच्या शर्टाच्या गुंडीकडे बघत होते. माणसे कमी करणार अशी कुजबुज कॅन्टीनमध्ये होती. प्रत्येक कारणापुढे, ते खरे निघाल्यास मी काय बोलायचे, ते वाक्यही लिहून ठेवले. डबा उघडला नाही. दुपारी पॅटर्नच्या गोदामात, लाकडी साच्यांच्या रॅकमागे वीस मिनिटे भिंतीला पाठ लावून उभी राहिले, कारण तिथे लाकडाच्या वासाखेरीज कुणी बोलत नाही. परत येऊन तीच चकती दुसऱ्यांदा घासायला घेतली आणि तिच्याबरोबर अंगठ्याचे कातडेही घासले.

साहेबांना सांगायचे होते ते एवढेच, की पुढच्या महिन्यात दोन नवीन मुले येणार आहेत आणि त्यांना नमुना तयार करायला मीच शिकवावे, कारण माझ्यासारखी चकती कुणाची निघत नाही. कौतुकच होते, शैला. मी “हो सर” म्हणाले, शिरोलीच्या फाट्यावर येऊन उभी राहिले आणि समोरून तीन बस गेल्या तरी मला चढता आले नाही. घरी आल्यावर उलटी झाली. गुरुवारी रजा काढली आणि कारण ‘ताप’ लिहिले.

हे मी दुसऱ्या कुणाला सांगू? आई म्हणेल, चांगलेच झाले की मग, त्यात रडायचे काय. तुला मात्र नववीतला तो दिवस आठवत असेल, मोठ्या बाईंनी शिपाईमामांकरवी मला बोलावले होते आणि तू तास बुडवून ऑफिसच्या दारापर्यंत माझी वेणी हातात धरून आली होतीस. निबंधाचे बक्षीसच होते. पंचवीस वर्षांनी मी पुन्हा त्याच दारात उभी होते, फक्त वेणी धरायला कुणी नव्हते.

आता ते नाव. मार्चमध्ये पुण्याला एका डॉक्टरीणबाईंकडे तीन बैठका झाल्या. शाळेची प्रगतिपुस्तके मागवली, आईला माझ्या लहानपणाबद्दल दीड तास विचारले. आईने काय सांगावे? रंकाळ्याचा नंदी! तो रोज गव्हाच्या दाण्याएवढा पुढे सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागे येतो, आणि तळ्याला टेकला की प्रलय होईल, असे आजीने सांगितल्यावर आपण दोघी चार महिने दर रविवारी खडूची खूण करून फूटपट्टीने त्याला मोजत होतो. तू दाणे सोडून चिरमुरे खायचीस आणि मोजमाप माझ्यावर टाकायचीस, हे मी अजून विसरलेले नाही. वहीतले सगळे आकडे सारखेच आले म्हणून मी आजीशी भांडले आणि ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, हे आईने सांगितले तेव्हा डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतले. निदान ऑटिझमचे झाले. बरोबरीने चिंतेचा विकार, जो त्यांच्या मते वर्षानुवर्षे इतरांसारखे दिसण्याच्या श्रमातून वाढत गेला आहे.

मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. ज्याने हा शब्द केला त्याला दोष देत नाही, पण तो मला लागू पडत नाही. मी स्वतःत मग्न असते तर बुधवारी निवांत जेवले असते. माझा सगळा दिवस दुसऱ्यांच्या भुवया, आवाजाचे चढउतार आणि अर्धवट सोडलेली वाक्ये वाचण्यात जातो, आणि ती लिपी मला कुणी शिकवलेली नसल्यामुळे प्रत्येक ओळ मी अक्षर-अक्षर लावत वाचते. आवाजांचेही तसेच. फाउंड्रीतला शेकआउटचा, म्हणजे साचा हलवून-फोडून ओतीव भाग मोकळा करण्याचा, दणदणाट मला सोसतो, कारण तो ठरल्या तालात येतो. पलीकडच्या टेबलावर अचानक वाजणारा मोबाईल सोसत नाही. हे माझे खूळ आहे असे मी समजत होते. २०१३ पासून अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत संवेदनांचा हा कमी-जास्तपणा ऑटिझमच्या लक्षणांत धरला आहे, म्हणजे मी शाळेत असताना ते तिथेही नव्हते. इअरप्लग आता मी दिवसभर घालते. कारखान्यात ते सगळ्यांनाच देतात, त्यामुळे कुणी कारण विचारत नाही.

इथे तुझ्या लग्नाचा विषय काढते, कारण तो कधीतरी काढायलाच हवा. बँड, फटाके आणि हॉलमधला लाउडस्पीकर यांत मला माझाच श्वास कळेनासा झाला आणि अक्षता पडताच मी न जेवता निघून गेले. तू दोन वर्षे बोलली नाहीस. मी समजत होते की मला किती त्रास झाला हे तुला दिसलेच असेल. तू समजत होतीस की मला तुझी पर्वा नाही. डेमियन मिल्टन नावाचे एक ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आहेत, ते स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी २०१२ मध्ये मांडले की अशा माणसांत आणि इतरांत जो दुरावा होतो तो एकाच बाजूच्या उणिवेने होत नाही, दोन्हीकडच्यांना एकमेकांचे मन वाचता येत नाही. ते वाचले तेव्हा मला तू आठवलीस. माझी चूक एवढीच होती की मी सांगितले नाही, आणि ती फार मोठी चूक होती. तुझीही थोडी होतीच.

आता सांगायचे की नाही हाच प्रश्न कारखान्यात माझ्यापुढे आहे आणि तो चार महिने मला झोपू देत नाही. कागदोपत्री माझी बाजू कच्ची नाही. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकार होते आणि ऑटिझम त्यांत नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात एकवीस प्रकार आहेत आणि तो त्यांत आहे. प्रत्येक आस्थापनेने समान संधीचे धोरण जाहीर करावे असे त्यात लिहिले आहे. आमच्या सूचनाफलकावर किमान वेतनाचा तक्ता आहे, सुरक्षा सप्ताहाचे पोस्टर आहे, हे धोरण नाही. शिवाय निदानाचा अहवाल वेगळा आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र वेगळे. प्रमाणपत्रासाठी चाळीस मुद्द्यांची भारतीय मापनपट्टी आहे, त्यात गुण मिळवायचे, आणि चाळीस टक्क्यांच्या खाली राहिले तर राखीव जागांसारखे लाभ नाहीत. मला राखीव जागा नकोच आहे. मला ‘जरा’ या शब्दापुढचे उरलेले वाक्य हवे आहे.

दादा म्हणतो, पत्रिकेसारखे सगळ्यांना दाखवत सुटायचे काय? त्याचे अगदीच चुकत नाही. साहेबांना सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत कॅन्टीनला पोचते. मग कुणी माझ्याशी लहान मुलाशी बोलावे तसे सावकाश बोलू लागेल, कुणी मला भट्टीच्या आकड्यांची जबाबदारी झेपेल का असे विचारील, आणि ती दोन मुले माझ्याकडे शिकायला येण्याऐवजी मला बघायला येतील. न सांगावे तर पुढचा बुधवार ठरलेलाच आहे. अशा किती रजांना मी ताप म्हणणार?

परवा रात्री पाऊस धुवाधार होता आणि आई नेहमीप्रमाणे बंधाऱ्याची पातळी ऐकत होती. राजाराम बंधाऱ्याशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे आपल्याकडे शाळेतले पोरही सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, तू रडत फोन केलास आणि मी तो पहिल्या घंटेला उचलला, आठवते? मी इतकी शांत कशी, असे तू विचारले होतेस. शैला, आकडे येत होते म्हणून मी शांत होते. पाणी किती, किती वाढले, कुठली गल्ली रिकामी करायची, हे सर्व कुणीतरी सांगत होते. मी भित्री नाही. ‘नदीबद्दल संध्याकाळी जरा बोलायचे आहे’ असे म्हणून गावाला दिवसभर कुणी ताटकळत ठेवत नाही. मला तेवढेच माझ्या टेबलापुरते हवे आहे.

म्हणून मी एक अर्ज लिहिला आहे. त्यात ऑटिझम हा शब्द नाही. तो पुढे गरज पडली तर अहवालासकट देईन. अर्जात तीन मागण्या आहेत. बोलवायचे असेल तेव्हा विषय एका ओळीत चिठ्ठीवर किंवा मेसेजवर कळवावा. तोंडी दिलेल्या सूचना लेखीही मिळाव्यात. मोबाईलचा आवाज प्रयोगशाळेत बंद ठेवावा. नवीन मुलांना शिकवायला मी तयार आहे, हेही लिहिले आहे, आणि त्यासाठी मी पायरीनिहाय टिपण करायला घेतले आहे. चकती कोणत्या कोनात धरायची याची आकृती फार चांगली उतरली आहे.

तुझ्या सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नीट झाले असेलच. चिनूला दहावीसाठी माझे आशीर्वाद, भूमिती अडली तर पत्राने विचारायला सांग. नाशिकचे नवे घर मला बघायचे आहे, पण वास्तुशांतीला नव्हे, नंतर, जेव्हा तुम्ही चौघेच असाल तेव्हा.

अर्जाची प्रत सोबत जोडली आहे. माझे वाक्य कुठे उद्धट होते ते मला आजही कळत नाही आणि वर्गात ते तूच सांगायचीस, बाकावर पेन दोनदा आपटून. ज्या वाक्याशी तू पेन आपटले असतेस त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ मार आणि कागद परत पाठव. मुले एक तारखेला येणार आहेत, त्याआधी मला तो साहेबांच्या हातात द्यायचा आहे.

तुझी,
विजू