वर्गणीदारच आरोपी

संपादक महोदय,

तीस वर्षे मुद्रितशोधन केले. चुकलेल्या वेलांटीपलीकडे कशाची धास्ती घेतली नाही. म्हणून 'मेदुझा'बद्दल वाचून चरकलो. २०१४ मध्ये मॉस्कोतील 'लेंता' या वृत्तसंकेतस्थळाच्या संपादकपदावरून काढल्यावर गालिना तिमचेंको यांनी लाटव्हियातील रीगा येथे ही रशियन वृत्तसेवा उभारली. जानेवारी २०२३ मध्ये रशियाने तिला 'अवांछित' ठरवले. आता रशियात राहून तिला देणगी देणे हा गुन्हा, बातमीचा दुवा पुढे धाडला तरी दंडाची टांगती तलवार. त्याच वर्षी तिमचेंको यांच्या फोनमध्ये पेगासस हे हेरगिरीचे सॉफ्टवेअरही सापडले. पण मला (सवयच म्हणा!) वेगळाच प्रश्न पडतो : बातमीत चूक दिसली, तर तिथला वाचक संपादकांना कळवणार कशी?

– एक निवृत्त मुद्रितशोधक