इंजेक्शन बंद करायचं नाही

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

"एवढा त्रास होतोय तर बंद करा ते इंजेक्शन," असं तू फोनवर म्हणालास आणि तेव्हापासून तुझ्या आईने तेच लावून धरलंय. म्हणून सविस्तर लिहितो.

माझा प्रोस्टेटचा कॅन्सर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसतो. ल्युप्रोलाइडमुळे, म्हणजे याच इंजेक्शनमुळे, वृषणांना मेंदूकडून येणारा हुकूमच थांबतो आणि ते हार्मोन जवळजवळ संपतं. माझा पीएसए, म्हणजे रक्तातला या आजाराचा अंदाज देणारा आकडा, उतरला तो त्यानेच. वृषणं काढायचं ऑपरेशन स्वस्त पडलं असतं. पण त्यात माघार नाही, आणि त्रास हाच.

पंखा पाचवर असताना अंगातून वाफा निघतात, बनियन पिळावा इतका घाम येतो. छाती थोडी भरल्यासारखी दिसते. कुठलीही फालतू मालिका बघताना डोळे भरून येतात, त्याची तुझ्या आईला गंमत वाटते. नवराबायकोमधलं जे गेलं, ते डॉक्टरांशी बोललोय. तुझ्याशी काय बोलू!

हे सगळं दिसतं, म्हणून तुम्ही घाबरता. मला धास्ती आहे ती न दिसणाऱ्याची. पाळी गेल्यावर बायकांची हाडं ठिसूळ होतात, तशी माझीही होणार. हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन झालाय, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालू आहे. हाडांसाठी वेगळं इंजेक्शन द्यायचंय, पण त्याने क्वचित जबड्याचं हाड सडतं, म्हणून आधी दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. किडकी दाढ गेली एकदाची.

दुसरी धास्ती शुगर आणि हृदयाची. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्याने, 2010 मध्येच या जातीच्या इंजेक्शनांवर मधुमेह आणि हार्ट अटॅकचा इशारा छापायला लावला. मला बीपी आधीपासूनच. त्यामुळे शुगर, कोलेस्टेरॉल वेळच्या वेळी तपासतो. स्नायू झडतात आणि पोट सुटतं, हे तर आरशातच दिसतं.

म्हणून यापुढे "बाबा, आराम करा" म्हणायचं नाही. थकवा येतो, पण पडून राहिलं की वाढतो. सकाळी चालतो, डॉक्टरांना विचारून हलकी डंबेल्सही आणलीत. शेजारचे हसतात, हसू देत. दिवाळीला येशील तेव्हा काजूकतली आणू नकोस. त्याऐवजी बाथरूममध्ये धरायला भक्कम दांडी बसवून दे. आत्ता पडलो तर खुबाच मोडेल.

आणि बापाला हा आजार असला की मुलाचाही धोका वाढतो. तुझी चाळिशी आली आहे. पीएसए कधीपासून तपासायचा ते तुझ्या डॉक्टरांना विचार आणि काय म्हणाले ते मला कळव.

तुझे,
बाबा