मंत्रीसाहेब, रिफिलमधल्या उरलेल्या ९९ टक्क्यांचं काय?

माननीय केंद्रीय कृषिमंत्री यांस,

साहेब, डासांच्या मशीनबद्दल कृषिमंत्र्यांना कशाला पत्र असं वाटेल, पण १९६८ चा कीटकनाशक कायदा तुमच्याच खात्याकडे, कीटकनाशकांची नोंदणी करणारी फरीदाबादची समितीही तुमचीच, म्हणजे कपाशीसोबत आमची बेडरूमसुद्धा तुमच्याच अखत्यारीत येते.

४५ मिलीच्या बऱ्याच रिफिलवर ट्रान्सफ्लुथ्रिन ०.८८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे डास मारणारं औषध अर्धा मिलीसुद्धा नाही, बाकी मुख्यतः वास काढलेलं रॉकेल आणि थोडा परफ्युम. बाटली रिकामी होते तेव्हा हे सगळं जातं कुठे, खोलीतच ना! लहान पोरानं चुकून ते प्यायलं तर डॉक्टरांना जास्त धास्ती रॉकेल फुफ्फुसात जाण्याचीच असते, म्हणून तर उलटी करवू नका म्हणतात.

कॉइलचं तर विचारूच नका. औषध नावाला, बाकी लाकडाचा भुसा, करवंटीची पूड, स्टार्च, आणि धूर होतो तो ह्याच मालाचा. २००३ मध्ये चीन आणि मलेशियातल्या कॉइल तपासल्या तर एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. आणि जाहिरातीत काय, तर शांत झोपलेलं बाळ.

मशीन बंद करा असं मी म्हणत नाहीये, डेंग्यू कोणाला हवाय. पण घरात श्वासातून काय काय जातं हे मोजताना हे बाकीचे घटकही धरा, आणि खोली आमच्यासारखी धरा, १० बाय १० ची, जाळी नाही म्हणून खिडक्या घट्ट बंद, मशीन संध्याकाळपासून सकाळपर्यंत फुल मोडवर, प्लगजवळच जमिनीवर गादी आणि गादीवर रांगतं पोर, शिवाय किचनमध्ये कोणीतरी झुरळांचा स्प्रे मारलेला. एकेक प्रॉडक्ट वेगळं तपासलं तर ही बेरीज होणार कशी?

आणि पॅकवर सगळे घटक टक्क्यांसकट छापा, मराठीत, भिंग न लावता वाचता येतील असे. कंपन्या म्हणतील फॉर्म्युला सिक्रेट आहे. बिस्किटाच्या पुड्यावर घटक छापतातच की, कोण बुडालं? अमेरिकेत २००९ मध्ये असे घटक जाहीर करायला लावायची हालचाल झाली आणि २०१४ मध्ये सरकारनंच माघार घेतली, तेव्हा तिकडे नाही मग इकडे कशाला हे उत्तर कृपया पाठवू नका.

मोजणीचे आकडे समितीच्या वेबसाइटवर टाकले तरी चालेल, आम्ही शोधून वाचू.

आपला,
रोज रात्री मशीन लावणारा एक बाप