डोळ्यातला थेंब आणि काचबिंदू

महोदय,

डोळ्यातील द्रवातल्या प्रथिनांवरून काचबिंदू ओळखता येईल, अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. आशा वाटतेच, पण त्यांत एक गोष्ट हमखास गाळली जाते. पारदर्शक पटलामागचा हा द्रव सुईनेच काढावा लागतो, म्हणून नमुने बहुधा शस्त्रक्रियेच्या वेळीच घेतात, तेही थेंब-दोन थेंब. अनेक काचबिंदू रुग्णांच्या द्रवात टीजीएफ-बीटा २ हे प्रथिन वाढलेले आढळते. हा द्रव डोळ्याबाहेर सोडणारी निचऱ्याची जाळी त्यामुळे ताठर होते आणि डोळ्यातला दाब वाढतो, असे मानतात. ठीक, पण काहीच त्रास नसलेल्या माणसाच्या डोळ्यात केवळ चाचणीसाठी सुई कोण घालणार? अश्रू तपासण्याचा मार्ग मला अधिक व्यवहार्य वाटतो.

तोवर हाताशी आहे ते तरी वापरावे. नुसता डोळ्याचा दाब मोजून भागत नाही. तो २१ मिमी (पारा) या नेहमीच्या मर्यादेच्या आत असूनही दृष्टीची नस सुकत गेलेले रुग्ण असतात. बाहुली मोठी करून नस पाहायलाच हवी. आमच्या भागातल्या शिबिरांत मात्र चष्म्याचा नंबर, मोतीबिंदू आणि झाले, पुढचा या! आई-वडिलांना काचबिंदू आहे का, एवढा एक रकाना तरी आयोजकांनी फॉर्मवर वाढवावा.

– एक वाचक, सातारा