बाबा, नदीत उतरायच्या आधी

पुणे,
रविवार, 12 जानेवारी 2025

प्रिय आई-बाबा,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणेल. पण फोन बाबांच्या हातात गेला की दोन मिनिटांत "बरंय, ठेवतो" येतं. आईच्या हातात असला की स्पीकर चालू असतो आणि शेजारच्या काकूंनाही सगळं ऐकू जातं. म्हणून लिहिते आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय.

आई परवा म्हणाली, "तुझे बाबा कृष्णेत उतरायचं म्हणतायत." मला आधी वाटलं, पोहायचं खूळ परत आलं. वय शहात्तर, मे महिन्यात स्टेंट बसलेला, जानेवारीतली पहाट, आणि त्या नदीत मगरी आहेत हे सांगली-मिरजेचं शेंबडं पोरही सांगेल. मग आई हळू आवाजात म्हणाली, "बाप्तिस्मा घ्यायचाय म्हणे. परत." तेव्हा हसू थांबलं.

बाबा, तुमच्या फिरायला येणाऱ्या मित्रांच्या फेलोशिपमधल्या उपदेशकांनी सांगितलं ना, की तान्हेपणी डोक्यावर पाणी शिंपडलं तो बाप्तिस्मा नव्हे, ते नुसतं ओलं होणं? हे वाक्य आईने मला दोनदा सांगितलं. तिला ते फार लागलंय. मलाही लागलं, पण रागात लिहायचं नाही म्हणून दोन दिवस थांबले. आज सकाळी देवळात येशूच्या बाप्तिस्म्याचाच पाठ होता. घरी आले आणि लिहायला बसले.

आधी त्यांची बाजू, कारण ती खोटी नाही. 'बाप्तिस्मा' हा शब्दच ग्रीक आहे आणि मुळात त्याचा अर्थ बुडवणं. योहान यार्देनेत उभा राहून बाप्तिस्मा देत होता. पौल रोमकरांना लिहितो की बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो आणि त्याच्याबरोबर नव्या जीवनात चालण्यासाठी उठलो. पाण्याखाली जाणं म्हणजे कबरीत जाणं आणि वर येणं म्हणजे पुनरुत्थान, हे चित्र बुडवण्यात जसं दिसतं तसं वाटीभर पाण्यात दिसत नाही, हे मी मान्य करते. पाणी म्हणजे मरण हे पुण्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागतं. सांगलीकराला लागत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पातळी 57 फुटांच्या वर गेली तेव्हा तुम्ही रात्रभर रेडिओ कानाला लावून बसला होता. पेत्रानेही बाप्तिस्म्याची सांगड नोहाच्या जलप्रलयाशीच घातली आहे. त्याच ठिकाणी तो पुढे म्हणतो की हे अंगाचा मळ धुणं नव्हे, तर शुद्ध मनाने देवाशी केलेला व्यवहार आहे.

आता पाणी किती, हा प्रश्न. तुम्ही जन्मभर पाटबंधारे खात्यात पाण्याचा हिशेब ठेवलात, म्हणून तुम्हालाच विचारते. बाप्तिस्म्याला किती क्युसेक लागतात? 'दिदाखे' नावाचं मंडळीच्या अगदी सुरुवातीच्या काळातलं एक छोटं पुस्तक आहे. पहिल्या शतकाच्या शेवटचं किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचं. त्यात लिहिलंय, वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्या. ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात. गार नसेल तर कोमट चालेल. आणि दोन्ही पुरेसं नसेल तर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने डोक्यावर तीनदा ओता. प्रेषितांच्या नंतरच्या जेमतेम पिढी-दोन पिढीतले लोक हे. त्यांना नदी आवडायची, पण नदीवाचून त्यांचं अडलं नाही. (कोमट चालेल हे वाक्य आईने अधोरेखित करून ठेवावं.)

पण बाबा, मला खरं सांगायचंय ते पुस्तकातलं नाही. ते आजोबांनी मला सांगितलेलं आहे, आणि तुम्ही ते माझ्याहून जास्त वेळा ऐकलंय.

1920 च्या आसपासची गोष्ट. वाळव्याकडचं आपलं गाव. थोरले आबा, म्हणजे तुमचे आजोबा, गावकुसाबाहेर राहायचे. गावच्या विहिरीला हात लावायची सोय नव्हती. तहान लागली की विहिरीपासून लांब उकिडवं बसायचं, ओंजळ करायची, आणि कुणाला दया आली तर तो वरून, भांडं न टेकवता, पाणी सोडायचा. आजोबा म्हणायचे की त्यातलं निम्मं कोपरावरून ओघळून जायचं. बाप्तिस्म्याच्या दिवशीही विहिरीचं पाणी मिळणार नव्हतं, म्हणून थोरल्या आईने ओढ्यावरून घागर भरून आणली. पाळकसाहेबांनी पितळी वाटीत हात बुडवला आणि तो ओला हात आबांच्या डोक्यावर ठेवला. नुसता ठेवला नाही, नाव घेऊन होईपर्यंत तसाच राहू दिला. आजोबा तेव्हा सहा वर्षांचे. त्यांना मंत्र आठवत नव्हता, गाणं आठवत नव्हतं. एवढंच आठवत होतं की त्या माणसाने नंतर हात धुतला नाही.

महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते 20 मार्च 1927 ला. आपल्या घरातली ही वाटी त्याच्या आधीची. ज्या माणसाला जन्मभर पाणी वरून टाकून मिळालं, त्याच्या डोक्यावर पाण्यासकट एक हात टेकला. आणि शंभर वर्षांनी कुणी येऊन म्हणतं, ते नुसतं ओलं होणं?

ख्रिस्ती झाल्यावर जात सुटली, असलं गोड गोड मी लिहिणार नाही. सोयरीक जमवताना ती आपल्या मंडळीतही दारातून डोकावते, हे ताईच्या लग्नात आपण पाहिलंय. आणि 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्यांची अनुसूचित जातीची सवलत गेली, तेव्हा त्या वाटीभर पाण्याची किंमत आजोबांनी आणि तुम्हीही मोजली. जिची किंमत मोजली ती वस्तू खोटी कशी?

तुमचं म्हणणं आईने सांगितलं: "मला माझा बाप्तिस्मा आठवतच नाही, मग तो माझा कसा?" प्रश्न बरोबर आहे आणि जुना आहे. नव्या करारात तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा असा स्पष्ट शब्दांत कुठे नाही. आहे ते घराण्याचं. फिलिप्पैच्या तुरुंगाच्या अधिकाऱ्याने मध्यरात्री पौल-सीलाच्या जखमा धुतल्या आणि तिथल्या तिथे त्याने व त्याच्या सगळ्यांनी बाप्तिस्मा घेतला. लुदियाचंही तसंच. त्या घरांत पाळणा होता की नाही ते लूकने लिहिलं नाही. सन 200 च्या सुमाराला तर्तुलियन नावाचा ख्रिस्ती लेखक म्हणतो की मुलांची घाई करू नका, मोठी होऊ द्या. म्हणजे तेव्हा लोक बाळांना आणतच होते. दोन्ही मतं तेव्हापासून आहेत. आणि आपल्या बाजूने या वादात फार वाईटही केलंय. झुरिकमध्ये 1525 साली काहींनी मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला, तर 1527 मध्ये तिथल्या नगरसभेने त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला नदीत बुडवून मारलं. पाण्याचा हट्ट धरणाऱ्याला पाण्यानेच शिक्षा. तेव्हा तुमच्या मित्रांना कुणी देवळात टाकून बोललं तर मला ते आवडणार नाही. आपल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची एकी नागपुरात 29 नोव्हेंबर 1970 ला झाली. त्या वेळी बाळांचा बाप्तिस्मा देणारे आणि फक्त मोठ्यांना देणारे बॅप्टिस्ट एकाच छपराखाली आले आणि दोन्ही रीती मान्य झाल्या. तुम्ही तेव्हा बावीसचे होता.

आठवणीचं म्हणाल, तर आजीकडे बघा. शेवटची दोन वर्षं तिला काही आठवत नव्हतं. तुम्हाला ती "कंडक्टर, तिकीट दिलं का" म्हणायची. तिला तिचा बाप्तिस्मा, दृढीकरण (मोठेपणी मंडळीसमोर दिलेली विश्वासाची कबुली), लग्न, काहीच आठवत नव्हतं. म्हणून तुम्ही तिचा मुलगा राहिला नाहीत का? रोज तिचे केस विंचरायचात. ती ओळखत नव्हती, तुम्ही ओळखत होता, आणि तेवढ्यावर घर चाललं होतं. बाळाच्या बाप्तिस्म्यात मला हेच दिसतं. बाळाला काही कळत नाही, पण देवाला ते कळतं. 'हो' म्हणायचं काम बाळ मोठेपणी करतं. तुम्ही ते दृढीकरणाच्या वेळी केलंत आणि नंतर दर रविवारी, पावसापाण्यात सायकल मारत केलंत.

आजच्या पाठात मला एक गोष्ट नव्याने दिसली. योहान येशूला अडवतो. म्हणतो, मीच तुझ्याकडून घ्यायचा, तू कसा माझ्याकडे येतोस? आणि येशू, ज्याला पश्चात्ताप करण्यासारखं काही नव्हतं, पापी माणसांच्या रांगेत उभा राहतो. यार्देनेच्या पाणवठ्यावर सगळ्यांच्या बरोबरीने उतरतो. आकाशवाणी नंतर होते. मला थोरले आबा आठवले आणि पुढचं प्रवचन मी ऐकलंच नाही.

बाबा, एक विचारू? हे सगळं मे महिन्यानंतर सुरू झालं ना? ऑपरेशन थिएटरच्या दारात तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "कागदपत्रं सगळी नीट आहेत." मला वाटलं विम्याची म्हणताय. आता वाटतं, तुम्ही दुसऱ्याच कागदांचा विचार करत होता. वरती कुणी रजिस्टर उघडून म्हणेल, तुमचा अर्ज अपुरा आहे, अशी भीती सरकारी नोकरी केलेल्या माणसाला वाटणारच. पण वधस्तंभावरच्या चोराकडे कुठला कागद होता? कर्नेल्य नावाच्या रोमी अधिकाऱ्याच्या घरी पवित्र आत्मा आधी आला आणि पाणी नंतर आलं. प्रेस्बिटेरियन लोकांच्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात तर 1640 च्या दशकातच लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्याची हेळसांड हे मोठं पाप आहे, पण कृपा त्याला अशी जखडलेली नाही की त्याच्याशिवाय तारणच नाही. आपल्या भागात मिशन आलं ते याच परंपरेचं.

तरीही मनात हुरहूर राहत असेल तर एक मार्ग आहे. बाप्तिस्म्याच्या वचनांचं नूतनीकरण म्हणून उपासनेत करता येतं. पाळकसाहेबांशी मी बोलते. मंडळीसमोर उभं राहून तुम्ही तीच वचनं तुमच्या तोंडाने पुन्हा द्यायची. हवं तर थोडं पाणी कपाळाला लावतील. पहिला बाप्तिस्मा पुसायचा नाही. तुम्ही नदीत उतरलात तर मी काठावर टॉवेल घेऊन उभी राहीन, भांडणार नाही. पण आजोबांनी तुम्हाला हातावर घेऊन देवळात नेलं तो दिवस तुम्ही रद्द केलात असं मला वाटेल, हे लपवत नाही.

आता आई.

तू फोनवर शेवटी म्हणालीस, "मग आपल्या पहिल्याचं काय?" आणि फोन ठेवलास. दादाच्या आधी एक होता हे मला मावशीकडून कळलं, तेव्हा मी दहावीत होते. तीन दिवसांचा. पाळकांना निरोप गेला होता पण ते पोचेपर्यंत उशीर झाला. तू पन्नास वर्षं याबद्दल बोलली नाहीस, आणि आता एका बाहेरच्या माणसाने 'पुरेसा बाप्तिस्मा' आणि 'अपुरा बाप्तिस्मा' अशी मोजणी सुरू केल्यावर तुझी ती जखम उघडी पडली. बाबांना हे लक्षात आलं नसेल. पुरुषांच्या येत नाही.

तू साताऱ्याची. नारायण वामन टिळक शेवटच्या काळात साताऱ्यात राहिले आणि 1917 मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' काढला, हे तुझ्या वडिलांनी मला सांगितलं होतं. टिळकांनी स्वतः 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरदार तुटलं. लक्ष्मीबाई पाच वर्षं मागे राहिल्या आणि स्वतःला पटल्यावर 1900 मध्ये राहुरीत त्यांनी घेतला. बाप्तिस्म्याची इतकी किंमत मोजलेला हा माणूस. त्याच्या दरबारात मात्र बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही ख्रिस्तभक्त बसायचे. रोमन कॅथलिकांच्या ईश्वरविज्ञान आयोगानेही 2007 मध्ये सांगितलं की बाप्तिस्म्याशिवाय गेलेल्या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत. मला मात्र आयोगापेक्षा येशूचं शिष्यांवर चिडणं पुरतं. बाळांना अडवू नका, माझ्याजवळ येऊ द्या. तिथे त्याने कुणाच्या कपाळाला पाणी लागलंय का ते तपासलं नाही. उचलून कवेत घेतलं.

मी शनिवारी सकाळच्या गाडीने येते. बाबांची गोळ्यांची यादी आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी काढून ठेव. त्यात आजोबांनी जपलेला बाबांचा 1949 चा बाप्तिस्म्याचा दाखला असेल, तो बाबांना हातात घेऊन बघू दे.

आणि आई, बाळाचं नाव बाप्तिस्म्यात घेतात, म्हणून त्याचं घ्यायचं राहून गेलं, असं मावशी म्हणाली होती. पण तू मनात काहीतरी ठरवलं असशील. फोनवर सांगू नकोस. मी आले की स्वयंपाकघरात सांग.

तुमची,
धाकटी