काळ्या पाइपची खरी घनता : बाईंना लिहिलेले आभारपत्र

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

पावसाळाभर आमच्या आवारात ताडपत्रीखाली अडकून पडलेला काळ्या एचडीपीई (उच्च घनतेच्या पॉलिथिलीन प्लास्टिकच्या) पाइपांचा लॉट अखेर मंजूर झाला, हे आपल्याला फोनवर कळवले होतेच; पण तेवढ्यावर आभार उरकणे मनाला पटेना. मानधनाचे पाकीट आपण परत केलेत आणि ‘त्यापेक्षा काय झाले ते नीट लिहून काढा, आणखी कुणाचा लॉट अडकला तर कामाला येईल’ असे बजावलेत, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे. (आपण मला वर्गात कधी शिकवलेले नाही. आमच्या शिफ्टमधला आपला एक विद्यार्थी आपल्याला ‘बाई’ म्हणतो, त्याचे ऐकून मीही म्हणू लागलो, चालवून घ्यावे.)

खरेदीदाराची तक्रार ऐकल्यावर माझे डोके तापले होते, हे आपण पाहिलेच आहे. त्यांच्या प्रयोगशाळेने डीएससी यंत्रावर (नमुना तापताना किती उष्णता घेतो ते मोजणाऱ्या) आमच्या पाइपचा तुकडा वितळवला, तेव्हा ग्रॅममागे १८४ ज्यूल उष्णता लागली. संपूर्ण स्फटिकरूप पॉलिथिलीनला २९३ ज्यूल लागतात, तेव्हा स्फटिकता, म्हणजे साखळ्या शिस्तीत रचून बसलेला भाग, ६२.८ टक्के निघाली. आम्ही मात्र पाइपचे तुकडे स्पिरिटमध्ये तोलून घनता (घन सेंटिमीटरमागे ग्रॅम) ०.९५४ काढली होती, आणि तिच्यावरून स्फटिकता जवळजवळ ७२ टक्के येत होती. घनता इतकी जास्त आणि स्फटिकता इतकी कमी, याचा अर्थ मालात खडूची भुकटी मिसळली आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. खडूची घनता २.७ च्या आसपास असते, त्यामुळे थोडी भुकटीही पाइप जड करते आणि वितळताना काहीच उष्णता घेत नाही. तर्क म्हणून त्यात खोट नव्हती, हे आता मान्य करतो. तेव्हा मात्र तो सरळ चोरीचा आळ वाटला होता.

त्या शनिवारी माटुंग्याला उतरून, ओली छत्री आणि पाइपचे तुकडे भरलेली पिशवी घेऊन मी प्रयोगशाळेत आपल्यासमोर उभा राहिलो, तेव्हा आपण तक्रारीचा कागद बाजूला ठेवलात आणि आधी तुकडेच हातात घेतलेत. ‘हॅकसॉने कापलेत का?’ हा आपला पहिला प्रश्न होता. मी होकार दिला. आपण भिंगाखाली करवतीची कड दाखवलीत. तिच्यावर बारीक तंतू उभे होते आणि तुकडा द्रवात बुडवताच प्रत्येक तंतूच्या बेचक्यात हवेचा एकेक मण्याएवढा बुडबुडा अडकून बसला होता. नव्या ब्लेडने कड तासून, तुकडा अल्कोहोलमध्ये ओला करून, चिमट्याने आपण तो त्या उंच काचेच्या नळीत सोडलात. त्या नळीत वर आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि खाली जाता जाता पाण्याचे प्रमाण वाढत जाणारे मिश्रण असते, तापमान २३ अंशांवर धरलेले असते, आणि ज्यांची घनता आधीच माहीत आहे असे रंगीत काचेचे मणी ठरावीक उंचीवर तरंगत असतात. आपला तुकडा हळूहळू उतरत दोन मण्यांच्या मध्ये थांबला. तो खरोखर थांबला आहे की अजून केसभर सरकतो आहे, हे पाहण्यासाठी आपण मला स्टुलावर बसवून ठेवलेत, आणि कुणी दार उघडे टाकले की ‘एसी जातोय बाहेर’ म्हणून आवाज देत होतात. पाचही तुकड्यांची घनता ०.९५७ आली. म्हणजे बुडबुडे गेले आणि आमची बाजू आणखीच पडली, कारण आता घनतेवरून स्फटिकता ७३.५ टक्के झाली होती! माझा चेहरा पाहून आपण हसलात, त्याचा त्या क्षणी थोडा रागही आला होता.

त्यानंतर आपण जे विचारलेत ते आम्ही सात वर्षे पाइप काढूनही स्वतःला कधी विचारले नव्हते: ‘यात काळे किती?’ उन्हापासून बचाव म्हणून आम्ही नैसर्गिक रंगाच्या दाण्यांत कार्बन ब्लॅकचा (काजळीसारख्या भुकटीचा) मास्टरबॅच, म्हणजे ती भुकटी दाटपणे मिसळलेले दाणे, घालतो, हे आमच्या दृष्टीने इतके रोजचे होते की घनतेच्या हिशेबात ते धरायचे असते हे लक्षातच आले नाही. चिनीमातीच्या छोट्या होडीत एक ग्रॅम नमुना घेऊन, नायट्रोजनच्या प्रवाहात साडेपाचशे अंशांवर आपण तो तापवलात. पॉलिथिलीन वायू होऊन निघून गेले आणि होडीत काळी भुकटी उरली, २.३ टक्के. मग नायट्रोजन बंद करून हवा सोडलीत, तेव्हा ते काळेही जळून गेले आणि होडीच्या तळाशी बोटाला लागेल न लागेल इतकीच राख दिसली. खडू असता तर तो इथे पांढरी भुकटी म्हणून उरला असता. मिसळीचा आरोप त्या रिकाम्या होडीने मिटवला, आणि आमच्यासाठी तेच सर्वांत मोठे होते.

पण आपण तिथे थांबला नाहीत, आणि माझी खरी शिकवणी त्यापुढेच झाली. कार्बन ब्लॅकच्या प्रत्येक एका टक्क्यामागे मोजलेल्या घनतेतून ०.००४४ वजा करायचे, हा नियम आपण सांगितलात, म्हणजे ०.९५७ मधून ०.०१० गेले आणि मूळ पॉलिथिलीनची घनता ०.९४७ राहिली, जी दाण्यांच्या पुरवठादाराच्या दाखल्यावर आधीपासून छापलेली होती! आता घनतेवरून स्फटिकता ६७ टक्के झाली. दुसरीकडे डीएससीमध्ये तोललेल्या नमुन्यातही २.३ टक्के न वितळणारे काळे होते, ते वगळल्यावर ६२.८ चे ६४.३ झाले. जवळजवळ अकरा टक्क्यांचे भांडण पावणेतीनावर आले.

हे पावणेतीनही नाहीसे व्हावेत असा माझा हट्ट होता, आणि त्याला आपण सरळ नकार दिलात. घनतेचे सूत्र असे धरून चालते की पदार्थात दोनच अवस्था आहेत: १.००० घनतेची स्फटिके आणि ०.८५५ घनतेचा अस्फटिक भाग. हा १.००० कुठून आला, हेही आपण कागदावर दाखवलेत. क्ष-किरणांनी मोजलेल्या स्फटिक-कोशाच्या बाजू ७.४२, ४.९५ आणि २.५५ अँगस्ट्रॉम, त्यात मेथिलीनचे (एक कार्बन, दोन हायड्रोजन) चार गट. वस्तुमानाला घनफळाने भागले की उत्तर एकाच्या अगदी जवळ येते. शाळेत शिकलेल्या भागाकाराने रेणूंच्या रचनेतून घनता काढता येते, याचे मला अजून नवल वाटते. पॉलिथिलीनच्या लांब साखळ्या घड्या घालून काही नॅनोमीटर जाडीचे थर करतात आणि थरातून बाहेर पडणारी साखळी एकदम सैल होत नाही. सीमेवरचा तो अर्धवट शिस्तीतला पट्टा घनतेत थोडा मोजला जातो, वितळण्याच्या उष्णतेत जवळजवळ नाही. म्हणून दोन पद्धतींत थोडे अंतर राहतेच, आणि घनतेचा आकडा सहसा वरचा असतो. दोन्ही आकडे अगदी तंतोतंत जुळले असते तर आपल्यालाच शंका आली असती, असे आपण म्हणालात.

पाइपच्या भिंतीची गोष्टही इथे नोंदवतो. एक्स्ट्रूडरमधून (वितळलेले प्लास्टिक साच्यातून ढकलणाऱ्या यंत्रातून) निघालेल्या पाइपची बाहेरची कड लगेच पाण्याच्या टाकीत थिजते आणि आतली कड सावकाश निवते, त्यामुळे आतल्या साखळ्यांना रचून बसायला जास्त वेळ मिळतो. आपण दोन्ही कडांचे सात-सात मिलिग्रॅमचे नमुने डीएससीत लावलेत, तेव्हा आतल्या कडेची उष्णता ग्रॅममागे १० ज्यूलने जास्त आली. एकाच पाइपमध्ये इतका फरक असेल तर ‘पाइपची स्फटिकता’ हा शब्द नमुना कुठला ते न सांगता वापरूच नये, हे मला पटले. खरेदीदाराच्या अहवालात ती नोंद नव्हती, आणि आमच्या अहवालातही नव्हती.

मेल्ट फ्लो (वितळलेले प्लास्टिक किती वाहते) आणि इन्फ्रारेडच्या चाचण्या आपण उरलेल्या तासात उरकल्यात: १९० अंश आणि ५ किलो वजनाखाली प्रवाह दाखल्याशी जुळला, आणि इन्फ्रारेडच्या आलेखात ऑक्सिडेशनची (हवेने माल खराब झाल्याची) खूण दिसली नाही. चहाच्या वेळी मात्र आपण निवांत होतात. १९३३ च्या मार्चमध्ये इंग्लंडात आयसीआय या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत इथिलीन आणि बेन्झाल्डिहाइड प्रचंड दाबाखाली ठेवले असता मेणासारखा पांढरा पदार्थ, म्हणजे पॉलिथिलीन, हाती लागला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला, हे आपण घरातल्या दोन मुलांची वये सांगावीत तसे सांगितलेत.

आमच्या रजिस्टरमध्ये आता तीन नवे रकाने आहेत: कार्बन ब्लॅकचे प्रमाण, ते वजा करून आलेली घनता, आणि नमुना कोणत्या कडेचा. हॅकसॉ प्रयोगशाळेतून वर्कशॉपमध्ये परत गेली आहे. खरेदीदाराच्या अभियंत्यांनी आपल्या हातचा तो हिशेबाचा कागद मागितला, तेव्हा त्यांना झेरॉक्स दिली. मूळ कागद, चहाच्या कपाच्या डागासकट, माझ्याकडे आहे.

आपला ऋणी,
गुणवत्ता विभागातला आपला शनिवारचा विद्यार्थी,
मुंबई