क्विन्सीच्या काकांना

ती. काकांना सा. न.

तुम्ही आणि काकू आता लेकीकडे ह्यूस्टनला कायमचे निघालात. समोर उभं राहून बोलायला लागले तर रडू येईल, म्हणून लिहिते आहे. आणि आपल्या मंडळींनीही हे वाचावं, म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

२६ जानेवारी २०१५ ची, बोस्टनजवळच्या आपल्या क्विन्सीतली बर्फाच्या वादळाची रात्र. बाळ अगदी तान्हं, बाळंतपणासाठी आई रत्नागिरीहून आलेली, हे कामासाठी कॅलिफोर्नियात अडकलेले. मध्यरात्रीपासून मॅसॅच्युसेट्स राज्यभर गाड्या बाहेर काढायला बंदी. समुद्राचा वारा आईने जन्मभर ऐकलेला, पण ईशान्येकडून येणारं ते घोंघावणं ऐकून तीही देवापुढे बसून राहिली.

सकाळी तुमचा फोन आला. कशी आहेस, वगैरे काही नाही. पहिलाच प्रश्न, "फर्नेसची बाहेरची नळी बघितलीस का?" फर्नेस म्हणजे घर गरम ठेवणारी भट्टी; तिचा धूर बाहेर सोडणारी नळी आमच्या भिंतीतून कमरेखाली बाहेर निघते आणि वाऱ्याने नेमका तिथेच बर्फाचा ढीग लावला होता. अशी नळी बुजली की एकतर फर्नेस बंद पडते, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात साठतो. त्याला ना रंग, ना वास. मांडीएवढ्या बर्फातून वाट काढत तुम्ही फावडं घेऊन आलात, आधी नळी मोकळी केलीत, मग घरात येऊन त्या वायूची सूचना देणाऱ्या अलार्मची बॅटरी तपासलीत. दारासमोरचा बर्फ त्यानंतर.

त्या वादळात बोस्टनच्या लोगन विमानतळावर २४.६ इंच बर्फ पडला, किनाऱ्यावरच्या मार्शफिल्ड गावात समुद्राची संरक्षक भिंत फुटली. आणि ती नुसती सुरुवात होती. हिवाळा संपेपर्यंत बोस्टनमध्ये ११०.६ इंच झाला, म्हणजे नऊ फुटांहून जास्त. १० फेब्रुवारीला तर लोकलगाड्याही दिवसभर बंद होत्या. त्या सगळ्या आठवड्यांत तुम्ही लांब दांड्याच्या रेकने आमच्या छपराच्या कडेचा बर्फ ओढून काढत राहिलात. घरातल्या उबेने छपरावरचा बर्फ खालून वितळतो, पाणी थंड कडेला येऊन गोठतं आणि मागचं पाणी भिंतीत मुरतं, हे तुमच्याकडूनच कळलं. कोपऱ्यावरचा आगीच्या बंबाचा नळही तुम्हीच उकरून ठेवायचात. कुणी सांगितलं नव्हतं.

१९७८ च्या फेब्रुवारीतलं वादळ तुम्ही विद्यार्थी असताना पाहिलं होतं. बोस्टनभोवतीच्या रूट १२८ या महामार्गावर ३,००० हून अधिक गाड्या रुतल्या होत्या, लोक गाड्यांतच अडकले होते. त्यामुळे धोका कुठे लपतो ते तुम्हाला ठाऊक होतं. बर्फ उपसायला पैसे दिले की माणूस मिळतो. माझ्या घराच्या भिंतीतली नळी कुठे आहे हे लक्षात ठेवणारा मिळत नाही.

काकू, तुमच्या अळिवाच्या खिरीचा डबा प्रत्येक वादळानंतर यायचा. आई अजून तिच्या चवीची आठवण काढते. तिने ह्यूस्टनचा पत्ता मागितलाय, आमसुलं आणि कुळथाचं पीठ थेट तुम्हाला पाठवायचंय म्हणे. तेवढा कळवा.

तुमची,
शेजारची रत्नागिरीकर लेक